नमुन्याचं बाळ

परसदारी आलेल्या बाईनं बाळाचं जुनं अंगडं मागितलं आणि इंदूच्या हातातला दुपट्याचा पिळा तसाच राहिला. बाई कडावकडची, गिरणीवर भात घालून परत निघालेली, काखेत रिकामी पाटी. ओळख ना देख. तिच्या लेकीला मुलगा झाला होता आणि नव्या जिवाला पहिलं कापड कोरं घालायचं नसतं, ते एखाद्या धडधाकट पोराच्या अंगावरून उतरलेलं लागतं, एवढं इंदूलाही ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या बाळाला पुण्याहून ताईच्या मुलाचं विटकं झबलं आलंच होतं. पण ते सख्ख्या बहिणीकडून. ही बाई इतक्या लांबून नेमकी आपल्याच दारात कशी आली, असं तिनं विचारलं, तर बाईलाच नवल वाटलं. "तुमच्या मालकांनीच सांगितलं न्हवं बाजारात, आमचं पोर येऊन बघा म्हनून. नदर नको लागाया, पर पोर खरंच गुटगुटीत हाय." इंदूनं वलणीवरचं एक झबलं काढून दिलं. बाईनं ते डोळ्यांना लावलं, पाटीत ठेवलं आणि ती निघून गेली. तिच्या आधीही अशा बाया आल्या होत्या. कुणी पोशीरची, कुणी खालापूरकडची. इंदूनं ते शेजारधर्म म्हणून सोडून दिलं होतं. आता पिळा झटकता झटकता तिला सगळं एकदम लख्ख दिसलं. तिचा नवरा गजानन दर बाजारात उभा राहून बोलत होता, दुधाच्या भुकटीचा डबा दाखवत होता, चमचा दाखवत होता, ऊन पाणी किती आणि भुकटी किती ते सांगत होता, न्यूझीलंडातल्या गाईंपर्यंत जाऊन येत होता. बाया सगळं ऐकून घेत होत्या, माना हलवत होत्या, आणि एवढ्या व्याख्यानातून त्यांना विश्वास ठेवण्याजोगं जे एकच वाटलं होतं तेवढंच उचलून घरी नेत होत्या: कर्जत स्टेशनामागच्या चाळीत एक धडधाकट पोर आहे. डबा कुणी घेत नव्हतं. बाळ मात्र खपत होतं, तुकड्यातुकड्यानं.

तिला हसू यायला हवं होतं. कॉलेजातल्या मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली असती तर त्या लोळून हसल्या असत्या. पण संध्याकाळी शेजारच्या धोंडूबाई मीठमोहऱ्या घेऊन आल्या तेव्हा इंदूनं तोंडदेखलं "कशाला ते" म्हटलं, आणि बाळाला मात्र त्यांच्यासमोर नीट धरून बसली. इंटरच्या वर्षी तिनं लोकभ्रमांवर निबंध लिहिला होता, प्राध्यापकांनी तो वर्गात वाचून दाखवला होता. त्या निबंधात परक्या घरात बाळाचं झबलं गेलं तर काय करावं हे लिहिलेलं नव्हतं. ती झबली आता कुठं कुठं असतील, कुणाच्या अंगावर, कुठल्या धुरकट खोपटात, त्यातलं एखादं पोर दगावलं तर ते कापड कुठं जाईल, असलं काहीबाही मनात येई आणि ती बाळाचं कपाळ चाचपून पाही. कपाळ थंड असे. तरी ती पुन्हा चाचपे. या गावात आल्यापासून तिच्या हाताला हीच एक सवय लागली होती. इथला हिवताप कुणाच्या घरात कधी शिरेल याचा नेम नव्हता. चाळीत एक घर असं नव्हतं की जिथं क्विनाइनची कडू बाटली फळीवर नाही. पुण्याला ताईच्या घरी नळ होता. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर होता, त्याच्या दवाखान्यात मुलांचं वजन करायचा खास काटा होता. इथं बाळाचं वजन झालं ते मारवाड्याच्या दुकानात, तांदळाच्या तागडीत. गजाननच्या पुस्तकात कुठल्या महिन्याला किती वजन हवं याचं कोष्टक होतं, इंग्रज मुलांचं. त्याला पडताळा हवा होता. इंदू मागून धावत गेली तेव्हा एका पारड्यात वजनं होती आणि दुसऱ्यात बाळ, हातात पारड्याची दोरी घट्ट धरून बसलेलं, आणि दुकानाबाहेर ही गर्दी. धोंडूबाईंनी त्यानंतर चार दिवस गजाननशी अबोला धरला. जितं पोर कुणी तोलतं का, मढ्यालासुद्धा कुणी तोलत नाही, असं त्या चाळभर म्हणाल्या. गजाननला त्याचं काही नाही. "पुस्तकापेक्षा भरलं," असं तो दोन्ही हात पसरून सांगत घरी आला.

राग धरावा असा माणूस नव्हता तो, हीच तर पंचाईत होती. गिरणीत कारकून असताना तो जसा दमून यायचा तसा आता येत नसे. सायकलवरून चौक गावापर्यंत जाऊन आला तरी चेहरा टवटवीत. मुंबईच्या कंपनीनं 'शिशुपोष'ची एजन्सी दिली तेव्हा बरोबर एक हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक आलं, विक्रीकलेचा पहिला भाग, इंग्रजीत. धडा वाचायचा, प्रश्नांची उत्तरं टपालानं पाठवायची, मग पुढचा भाग येणार. गजानन मॅट्रिक. शब्दाशब्दाला अडायचा. तेव्हा बाळ पोटात होतं आणि इंदूला कॉलेज सुटल्याची हुरहूर होती. धडे मराठीत उतरवायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं. दुपारी कोनाड्यातली दौत काढून बसायची. इंग्रजी वाक्यं पोकळ होती, पण मराठीत आणताना त्यांना घाट यायचा, आणि तो आपण दिला याचं तिला सुख वाटायचं. एका धड्यात होतं की गिऱ्हाइकानं हरकत घेतली तर विक्रेत्यानं काय करावं. ती दोन दिवस त्यावर अडली होती. शेवटी लिहिलं: हरकत खोडू नये. तिला आधी पाट द्यावा, पाणी द्यावं, आणि मग हळूच दारापर्यंत पोचवावी. गजाननला ते इतकं आवडलं की त्यानं जेवताना तीनदा म्हणून दाखवलं. आणखी एक होतं: विक्रेत्याचं घर हेच त्याचं पहिलं दुकान. तेही तिचंच. इंग्रजीत काचेच्या कपाटाबद्दल काहीतरी होतं, ते तिनं टाकून दिलं. आपण कुणाचं घर दुकान करतो आहोत हे त्या दुपारी तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

एक भाग संपला की दुसरा यायचा. मग त्यानं आपण होऊन आणखी मागवायला सुरुवात केली. दूध सुकवतात कसं, दुधात स्निग्धांश किती, म्हशीच्या दुधाचा जडपणा मुलांना का बाधतो, जाहिरातीत कुठला रंग लांबून दिसतो. गवळ्याच्या गोठ्यात जाऊन तो धार काढताना बघत बसायचा. धंद्यात वर चढायचं तर शिकणं थांबता कामा नये, असं त्याचं ठाम मत झालं होतं, आणि ते चुकीचं होतं असं इंदूला म्हणता येत नव्हतं, कारण स्वतः शिकणं थांबल्याचं दुःख तिच्या पोटात होतंच. पण तो जितका शिकायचा तितकं त्याचं बोलणं लांबायचं आणि जितकं लांबायचं तितके डबे मागं राहायचे. हिवतापाबद्दल त्याला विचारलं तर पुढच्या भागात आरोग्यावर एक प्रकरण आहे म्हणायचा. ते येईपर्यंत बाळानं थांबायचं. घरातला नमुन्याचा डबा पाहुण्यांच्या चहात संपे. बाळाला एकदा त्यातलं पाजून पाहिलं होतं. त्यानं ते इंदूच्या नव्या लुगड्यावर ओकून टाकलं आणि तोंड फिरवलं ते फिरवलंच. ते आईच्या दुधावर वाढत होतं, कडावच्या त्या बाईच्या लेकीचं वाढेल तसंच, यात शिकायचं काही नव्हतं.

कंपनीचे मुंबईचे साहेब पुढच्या बाजाराला स्वतः येणार आहेत, हे गजानननं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. पुणे जिल्ह्यासाठी इन्स्पेक्टर नेमायचा होता. टपाली परीक्षेत गजाननइतके गुण दुसऱ्या कुठल्याच एजंटाला नव्हते. साहेबांना फक्त त्याचं काम डोळ्यांनी बघायचं होतं. मांडव घालायचा, चुलीवर पाणी ठेवायचं, आणि इंदूनं बाळ मांडीवर घेऊन बसायचं. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचं की हे बाळ शिशुपोषवर वाढलं आहे. पुणं म्हणताच तिच्या हातातली भाकरी कडेनं फाटली. ताईचं घर, नळ, डॉक्टरचा काटा, वाचनालयाची ती थंड खोली, सगळं एकदम परातीत येऊन बसलं. आणि मग ते वाक्य ऐकू आलं. ती म्हणाली की मी खोटं बोलणार नाही. बाया विश्वास ठेवतील, दूध असताना डब्याला लागतील, डबा पुरवण्यासाठी लोटाभर पाण्यात चिमूट टाकतील. चौककडे एकीनं तसं केलेलं धोंडूबाईंनी सांगितलं होतं, पोराच्या नुसत्या बरगड्या राहिल्या होत्या. ती बोलत होती आणि गजानन मान डोलावत होता. ती थांबल्यावर त्यानं पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"तुझं म्हणणं अगदी रास्त आहे," तो मऊ आवाजात म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं. आणि नेमकं म्हणूनच माप कसं घ्यायचं हे बायांना तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं सांगायला हवं. नाही का?"

तव्यावरची भाकरी करपली. पाट, पाणी, दार. तिनं दौतीत टाक बुडवून ज्या क्रमानं लिहिलं होतं त्या क्रमानं. तांब्यासुद्धा. तिला वाटलं होतं नवरा ऐकतो आहे, आणि तो धडा म्हणत होता. आणि धडा तरी कुणाचा, तिचाच. तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्यात लबाडी नव्हती. लबाडी असती तर बरं, भांडता आलं असतं. तो खरोखरच मनापासून बोलत होता, फक्त त्याच्या मनाला आता दुसरी वाट उरली नव्हती. मग तिला एकेक मागचं आठवू लागलं आणि आठवायचं थांबेना. तिचे वडील गेले तेव्हा तो जे बोलला होता ते पहिल्या भागाच्या आधीचं की नंतरचं? बाळंतपणात ती घाबरली होती, तेव्हा त्यानं हात धरून म्हटलं होतं की भीती वाटणं साहजिक आहे. साहजिक. हा शब्द त्याचा नव्हता, तिनं तो तिसऱ्या धड्यात घातला होता. एखाद्या माणसाला आपण सदरा शिवून द्यावा आणि मग तो अंगावर चढलेला बघून हा कोण परका दारात उभा आहे असं दचकावं, तसं तिला झालं. दुसऱ्या दिवशी बाळाला क्विनाइनचा थेंब देताना ती "कडू आहे खरं, मलाही आवडत नाही, आणि म्हणूनच" एवढं म्हणाली आणि आपलंच वाक्य ओळखून थांबली. बाळानं तेवढ्यात औषध गिळलं होतं. उपयोग होत होता, हे आणखी वाईट.

बाजारच्या दिवशी ती गेली. का गेली हे तिनं स्वतःला विचारलं नाही. पुण्यासाठी गेली हे इतकं उघड होतं की विचारायचं काही नव्हतं. भातं निघून गेलेली, शेतांतून नुसती खुटं, आणि हवा इतकी स्वच्छ की समोरचा माथेरानचा डोंगर बाजारातच मांडून ठेवल्यासारखा दिसत होता. सुकट, मडकी, घोंगड्या, कोयते, त्यांच्या पलीकडे गजाननचा मांडव. मागं गोणपाटाचा आडोसा करून त्यात डब्यांची खोकी रचली होती. पुढं बाक, त्यावर लाल कापड. लाल लांबून दिसतं. साहेब खुर्चीवर बसले होते, पांढरी पाटलोण, मुंबईची हिंदीमिश्रित मराठी, स्वभावानं बरे दिसत होते. त्यांनी बाळाच्या गालाला बोट लावलं. बाळानं बोट धरलं. साहेब खूश झाले. पुढ्यात बाया येऊन बसत होत्या, आणि त्या कशाकडे बघत होत्या ते आता इंदूला दिसत होतं: डब्याकडे नाही, तिच्याकडे नाही, बाळाच्या अंगावरच्या झबल्याकडे. आज हे उतरवून मागतील की काय असं वाटून तिनं बाळाला पदराखाली ओढलं. गजानननं बोलायला सुरुवात केली. सुरेख बोलत होता. गाई, गवत, तापवलेले लोखंडी रूळ, त्यावरून पापुद्र्यासारखं सुटणारं दूध. तिची वाक्यं त्याच्या तोंडून एकामागून एक येत होती आणि ती प्रत्येकाला ओळखत होती, परक्या गावात आपल्या आळीतली माणसं भेटावीत तशी, आणि कुणीच तिला ओळख देत नव्हतं.

पोशीरहून आलेली सोनुबाई नावाची एक बाई सुनेला घेऊन पुढं बसली होती. सून हिरू, वयानं इंदूहूनही लहान, तापातून उठलेली, ओठ पांढरे. तिच्या मांडीवर फडक्यात काहीतरी होतं. सोनुबाईनं भाषण मध्येच तोडून सांगितलं की तापात सुनेचं दूध आटलं, शेळीचं पाजून बघितलं तर पोर ओकतंय, शेजारणीनं चार दिवस पाजलं तर तिच्या घरच्यांनी अडवलं, आता या डब्यानं जगेल का तेवढं सांगा, बाकी ऱ्हाऊ द्या. गजानन क्षणभर अडखळला. मग त्यानं हसून इंदूकडे हात केला: अनुभव असलेल्या आईलाच विचारा. साहेब खुर्चीत पुढं सरकले. त्याच वेळी फडक्यातलं पोर रडलं. रडणं कसलं, कातडं ओरबाडल्यासारखा एक बारीक, कोरडा आवाज. इंदूनं तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं, स्वच्छ, शब्द नीट जुळलेले, आणि ते बाहेर पडलंही: "हे बाळ शिशुपोषवर वाढलं आहे." पण त्या आवाजानं तिच्या छातीत आधीच काहीतरी ओढलं होतं, मुंग्या याव्यात तसं, आणि ते आपल्या हातात नाही हे कळेपर्यंत चोळीवर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. ती बघत राहिली. पुरुषांच्या काही लक्षात आलं नाही. बायांच्या सगळ्यांच्या आलं. मागं कुणीतरी पदर तोंडात कोंबला, मग दुसरीनं, आणि मग साऱ्या घोळक्यात हसू पसरलं. साहेबांना वाटलं बायांना गोष्ट पटली. ते गजाननकडे बघून पसंतीनं मान हलवू लागले. सोनुबाई हसली नाही. ती उठली, वाकली, इंदूचा पदर ओढून तिनं तो पुढून नीट खोचला आणि कानाशी म्हणाली:

"बाय, डबा गळतोय तुमचा."

आणि मग, जणू काहीच झालं नाही अशी, ती कनवटीची गाठ सोडू लागली. डबा घ्यायलाच आली होती ती. दुसरं काय करणार होती. इंदूच्या डोळ्यांपुढं पोशीरचं ते घर आलं, तो लोटा, ती चिमूट. माप सांगावं. उकळून घ्या म्हणावं. शिकलेल्या बाईनं सांगायला हवं. तिनं आपलं बाळ उचलून गजाननच्या हातात दिलं. तो बोलता बोलता थांबला, पण बाळ त्याच्याकडे झेपावलंच, तेव्हा घ्यावंच लागलं. हिरूच्या मांडीवरचं फडकं तिनं उचललं आणि गोणपाटामागं गेली. सोनुबाई मागोमाग आली. हिरूही, भिंतीचा आधार घ्यावा तशी खोक्यांना धरत.

आत खोक्यांना पुठ्ठ्याचा आणि खळीचा वास होता. ती एका खोक्यावर बसली. आई आता बघेल तर काय म्हणेल, हे तिच्या मनात आलं. कुणाचं पोर, कुठलं, सोयर फिटलं की नाही, आंघोळ केल्याशिवाय घरात घेणार नाही. ते सगळं आलं आणि बसायला जागा न मिळून निघून गेलं. पोराला तोंडात धरताच येत नव्हतं. इतकं लहान तोंड तिनं कधी पाजलं नव्हतं, आपलं बाळसुद्धा कधी एवढं होतं हे ती विसरली होती. दोनदा सुटलं. मग धरलं आणि जे ओढलं ते इतक्या जोरानं की तिला पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ गेली. गिळल्याचा आवाज आला. हिरू खाली मातीत बसली होती आणि तिच्याकडे बघत नव्हती, पोराच्या गळ्याकडे बघत होती, तिथं घोट उतरताना बारीकसं हलत होतं. गोणपाटापलीकडे साहेबांचा आवाज येत होता, पुण्याचं ऑफिस, घरभाड्याची सोय, पहिल्या तारखेपासून. गजानन आभार मानत होता. त्याच्या कडेवरचं बाळ साहेबांच्या घड्याळाची साखळी ओढत असावं, दोघे हसले. आपलं इतके दिवसांचं मागणं आपल्याला मिळालं आहे हे इंदूला दुरून कळलं, ताईकडच्या नळाखाली घागर ठेवल्यासारखं, आवाज येतो पण हाताला पाणी लागत नाही तसं. मांडीवरचं पोर दम घ्यायला थांबलं. त्याच्या ओठाच्या कडेनं एक थेंब ओघळला, तो सोनुबाईनं करंगळीनं टिपून परत त्याच्या तोंडात घातला.

"रोज घेऊन या," इंदू म्हणाली. "सकाळी या, आणि जमलं तर दुपारीही. नाहीतर हिला घेऊन आमच्याकडेच राहा. परसदारची खोली मोकळी आहे."

पोशीर ते कर्जत पायी म्हणजे काय, हे तिला बोलताना सुचलं नव्हतं, ते मागाहून सुचलं. सोनुबाईनं लगेच हो म्हटलं नाही. ती आयुष्यभर बाजारात भाव करत आली होती. समोरचा जे देऊ करतो ते किती टिकेल हे आधी बघून घ्यायची तिची रीत होती. तिनं पोराच्या टाळूवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ की. पर तुमी कवापातूर हाव हितं?"

गोणपाट बाजूला झाला. गजानन बाळाला घेऊन आत डोकावला, तोंडभर हसत, पुण्याची बातमी ओठांवर. त्यानं आधी इंदूकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवर, मग खाली बसलेल्या हिरूकडे. त्याचं हसू गेलं नाही, पण त्याचं पुढं काय करायचं हे त्याला कळेनासं झालं. तो काही आठवायचा प्रयत्न करतो आहे असं दिसलं, आणि त्याला काही आठवलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो तिला ओळखीचा वाटला, गिरणीतून दमून आलेला, भाताचा भुसा केसांत असलेला. त्याची तिला दया आली. पुण्याची तर इतकी आठवण आली की डोळे भरून आले. पोरानं पुन्हा धरलं.

"ह्याला दात येईपर्यंत," ती म्हणाली. सोनुबाईला म्हणाली, पण बघत होती नवऱ्याकडे.

सोनुबाईनं सोडलेली गाठ पुन्हा बांधून कनवटीला लावली.